महागडं ‘कानातलं’ घेण्याआधी कान तपासा



आमच्या मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात ताप, शुगर, बीपीचे पेशंट येतात. गेल्या पावसाळ्यात एक तरुण मात्र हातात इअरफोनचं खोकं घेऊन आला. वय २८, उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये कामाला. खोकं टेबलावर ठेवून म्हणाला, “डॉक्टर, बावीस हजार घातल्यात ह्याच्यात. डाव्या बाजूचा पीस दबल्यागत वाजतोय. कंपनी म्हणतीया पीस ओके हाय. तुम्ही कान तेवढा बघा, मळ-बिळ हाय का.”

कानात मळ नव्हता. पडदाही चांगला दिसत होता. मी त्याला म्हटलं, “आता उजवा पीस डाव्या कानात धर आणि डावा उजव्या कानात. वेडावाकडा बसला तरी चालेल, हातानं धरून ठेव. तेच गाणं, तोच तुकडा लाव.” त्यानं लावलं, दोनदा ऐकलं आणि गप्प झाला. पीस बदलले तरी आवाज डाव्या कानातच दबलेला येत होता. म्हणजे पीस चांगला होता, तक्रार कानाची होती.

पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याची ऑडिओमेट्री झाली. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकणं कमी झालेलं होतं, डाव्या कानात जास्त. आलेखात त्या जागी खाच दिसते. मोठ्या आवाजानं कान खराब होतो तेव्हा साधारण अशीच खाच पडते. ग्राइंडर त्याच्या डाव्या हाताला असायचा आणि कामावर कानात बोळे घालायची सवय कुणालाच नव्हती. दिवसभर मशीनचा आवाज आणि संध्याकाळी इअरफोन, असं सहा वर्षं चाललं होतं.

त्या दिवसापासून हा लेख लिहायचं मनात होतं. हल्ली पाच हजारांपासून लाखापर्यंतचे, कानाच्या नळीत बसणारे इअरफोन आपली मुलं घेतात. कोणता चांगला, आवाज कसा पारखायचा, हे पेशंटही विचारतात. मी साऊंड इंजिनिअर नाही, पण कान आणि माणूस ह्या दोन गोष्टी रोज बघतो. त्या बाजूनं माझं मत मांडतो.

आधी कान समजून घ्या

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, थोडी वळणाची असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कुर्चेचा, म्हणजे लवचिक असतो. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो आणि त्यावरची कातडी फार पातळ असते. म्हणून इअरफोन बाहेरच्या भागात सुखानं बसतो आणि जास्त आत गेला की दुखतो. काहींना तो घालताना खोकला येतो. घाबरू नका, त्या भागात येणारी एक नस घशाशीही संबंधित आहे.

दोन माणसांच्या कानाच्या नळ्या सारख्या नसतात. एकाच माणसाचे दोन कानही अगदी सारखे नसतात. आपल्या कोल्हापुरात तर पैलवानांचे मोडलेले कान नवीन नाहीत. मातीत घासून, मार लागून पाळीत रक्त साकळतं आणि कान कायमचा जाड होतो. अशा कानात बाजारातला तयार इअरफोन बसेलच असं नाही. पण ज्यांनी कधी लांग बांधली नाही, त्यांच्या कानांतही फरक असतोच.

आता आवाजाची गोष्ट. उघड्या कानाच्या नळीमुळे २५०० ते ३००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप मोठे होतात. बोलण्यातली बरीच व्यंजनं स्पष्ट कळायला ह्याचा उपयोग होतो. नळीचं तोंड इअरफोननं बंद केलं की ही नैसर्गिक वाढ बदलते. ती कमतरता इअरफोन बनवणाऱ्याला भरून काढावी लागते, आणि तो ती सरासरी कानाचा अंदाज धरून भरतो. तुमचा कान त्या सरासरीपेक्षा किती वेगळा आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून यूट्यूबवरच्या परीक्षणात ‘स्वर्गीय’ ठरलेला इअरफोन तुमच्या कानात कर्कश वाटू शकतो. त्यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. त्यानं त्याच्या कानानं ऐकलेलं असतं.

फिटिंग आधी, आवाज नंतर

गुजरीत कानातलं घ्यायला गेलो तर आपण चार जोड लावून बघतो, आरशात बघतो, ओढतंय का विचारतो. पंचवीस हजारांचा इअरफोन मात्र फोटो बघून मागवतो. हे उलटं आहे. इअरफोनचा आवाज निम्म्याहून जास्त फिटिंगवर ठरतो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. इअरफोन आणि पडदा ह्यांच्यामध्ये हवेची एक छोटीशी बंद जागा तयार होते. त्या बंद हवेला हलवूनच खर्जाचे, जाड आवाज तयार होतात. बाजूला थोडीशी फट राहिली की आधी खर्ज गळून जातो. मग गाणं पातळ, चिरकं वाटतं आणि आपण आवाज वाढवतो. खर्ज तरीही भरत नाही, पण वरचे स्वर मात्र कानावर आदळत राहतात. खराब फिटिंग कानाला महाग पडतं ते असं.

फिटिंग घरच्या घरी असं तपासा.

१. तबल्याचा बायाँ किंवा ढोलकी स्पष्ट असलेलं गाणं लावा. इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर घुमारा एकदम वाढला, तर आधी फट होती. मोठ्या मापाची रबरी टोपी लावून बघा.

२. गाणं बंद करून ‘म्म्म’ असा हुंकार द्या. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा, दोन्ही बाजूंना सारखा येतो. एका बाजूला कमी घुमला तर त्या बाजूची टोपी बदला. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टोपी लागली तर त्यात चूक काही नाही.

३. तोंड उघडा, मिटा, चघळल्यासारखं करा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. बोलताना, खाताना फट पडत असेल तर ते माप तुमचं नाही.

४. घालून दहा मिनिटं घरात चाला, मग अर्धा तास बसून ऐका. पाच मिनिटांत सगळेच इअरफोन सुखाचे वाटतात. दुखणं साधारण अर्ध्या तासानं कळतं. कानाच्या वाटीत एकाच ठिकाणी लाल वळ उठत असेल तर तो घेऊ नका. ‘सवय होईल’ म्हणून दुखणारी चप्पल आपण घेत नाही, मग हे कशाला?

फोमच्या टोप्या अनेकांना जास्त चांगल्या बसतात. त्या बोटांनी दाबून बारीक करायच्या, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळी सरळ होते, मग आत घालून फुगेपर्यंत १५-२० सेकंद धरून ठेवायचं. मात्र फोम घाम आणि मळ धरतो, म्हणून तो वरचेवर बदलावा लागतो.

कानाच्या मापाचा साचा घेऊन बनवलेले इअरफोनही मिळतात. हे माप ऑडिओलॉजिस्टकडूनच घ्यावं. आत पदार्थ भरण्याआधी पडद्याच्या अलीकडे कापसाचा किंवा फोमचा छोटा बांध घालावा लागतो. पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय माप देऊ नका.

आवाज कसा पारखायचा?

पहिलं, जे गाणं तुम्हाला तोंडपाठ आहे तेच लावा. दुकानातलं झगमगीत डेमो गाणं सगळ्यांवर चांगलंच वाजतं. आपल्याकडे पारखायला तंबोऱ्यासारखं दुसरं वाद्य नाही. शेजारी मिरजेत तंबोरे बनतात, देवल क्लबात आपण ते समोर बसून ऐकलेले असतात. चांगल्या इअरफोनवर तंबोऱ्याची जवारी मोकळी, एकातून एक स्वर उमलल्यासारखी ऐकू येते. वाईटावर नुसता गुणगुण आवाज येतो, नाहीतर तारेचा खणखणाट.

दुसरं, माणसाचा आवाज. ओळखीच्या गायकाचा किंवा निवेदकाचा आवाज माणसासारखा वाटतो का? तो डब्यातून आल्यासारखा वाटला, किंवा ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचले, तर तो इअरफोन तासभर ऐकवणार नाही. टोचणाऱ्या आवाजाला लोक ‘डिटेल’ म्हणतात. मला ते पटत नाही.

तिसरं, जुनं ध्वनिमुद्रण लावून बघा. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरात होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली. त्या काळच्या तबकड्यांवर खरखर आहे, खर्ज कमी आहे. लाखाचा इअरफोन लावला तरी तबकडीत नसलेलं तो आणणार नाही. पण खरखरीच्या मागचा गळा ओढाताण न करता ऐकू येतो की नाही, हे त्यावर नक्की कळतं.

चौथं आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे दोन इअरफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. माणसाचा कान थोड्या मोठ्या आवाजाला ‘चांगला’ समजतो. एक-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘जास्त स्पष्ट’ म्हणून जाणवतो. हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन ह्या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं होतं. त्यामुळे जो मोठा वाजतो तो भरदार वाटणारच. मी उलटी परीक्षा सुचवतो. आवाज रोजच्यापेक्षा दोन पायऱ्या कमी करा आणि दहा मिनिटं ऐका. कमी आवाजातही शब्द, ठेका आणि स्वर नीट कळत असतील, तर तो इअरफोन तुमच्यासाठी चांगला.

आणि निकाल पहिल्या दिवशी देऊ नका. आठवडाभरात कान नव्या आवाजाला सरावतो. ‘शंभर तास वाजवला की मोकळा होतो’ असं म्हणतात, त्यात मोकळा होतो तो बराचसा आपला मेंदू, असं मला वाटतं.

एक कबुलीही देतो. मी पन्नाशी ओलांडली आहे. ह्या वयात बहुतेकांना अगदी वरचे, १२००० हर्ट्झच्या पुढचे स्वर कमी ऐकू येतात किंवा येतच नाहीत. त्यामुळे ‘वरचे स्वर कसे आहेत?’ ह्यावर माझं मत विचारू नका. पण हेच इंटरनेटवरच्या पन्नाशीतल्या जाणकारांनाही लागू आहे, तेवढं लक्षात ठेवा. खोक्यावर ४०००० हर्ट्झ लिहिलेलं असतं. माणसाचा तरुण, निरोगी कान २०००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पुढचा आकडा तुमच्यासाठी नाही.

किंमत आणि आवाज

२०१७ साली जेरोन ब्रेबार्ट ह्या संशोधकानं २८३ हेडफोन मोजून बघितले. त्यांच्या आवाजाचा आलेख आणि त्यांची किंमत ह्यांच्यात संबंध आढळला नाही. महाग वस्तूत बांधणी, टिकाऊपणा, दिसणं हे जास्त चांगलं असू शकतं, त्यासाठी पैसे द्यायचे तर द्या. पण ‘जास्त किंमत म्हणजे कानाला जास्त सुरक्षित’ हे कुठेही सिद्ध झालेलं नाही. कान खराब करण्यात पाचशेचा आणि पन्नास हजारांचा इअरफोन सारखेच सक्षम आहेत.

ह्या वस्तूचा इतिहास मात्र सांगण्यासारखा आहे. महागड्या इअरफोनात ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ नावाचे जे चिमुकले स्पीकर असतात, ते तंत्र श्रवणयंत्रांतून आलं. आणि १९९५ च्या सुमारास अमेरिकेत जेरी हार्वे ह्या साऊंड इंजिनिअरनं व्हॅन हेलन ह्या बँडच्या ड्रमवाल्यासाठी कानात घट्ट बसणारे इअरफोन बनवले, ते स्टेजवरच्या प्रचंड आवाजातही त्याला आपलं संगीत नीट ऐकू यावं म्हणून. बाहेरचा आवाज अडवायचा म्हणजे आतला कमी ठेवता येतो, ही त्यामागची कल्पना. आपण मात्र बाहेरचा आवाज अडवून आतलाही वाढवतो.

किती मोठा, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा आहे. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच आणि ९५ ला सव्वा तास. हा हिशोब आठवड्याचा आहे, दिवसाचा नाही, हे परत वाचा.

‘आवाज ६० टक्के, वेळ ६० मिनिटं’ हा नियम लोकप्रिय आहे. काहीच न पाळण्यापेक्षा बरा, पण ६० टक्के म्हणजे प्रत्येक इअरफोनवर वेगळा आवाज. काही इअरफोन इतके संवेदनशील असतात की ४० टक्क्यांवरच जोरात वाजतात. बऱ्याच फोनमध्ये आठवड्याचा हिशोब दाखवणारी सोय असते, ती चालू करा. वायरचा, दुसऱ्या कंपनीचा इअरफोन असेल तर तो आकडा फक्त अंदाज समजा.

पूर्वी हलके इअरफोन असत. आवाज बाहेर झिरपायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे, कमी कर की ते!” घट्ट बसणाऱ्या इअरफोनातून बाहेर काहीच येत नाही. मुलगा किती मोठ्यानं ऐकतोय हे घरात कुणालाच कळत नाही. म्हणून ही जबाबदारी ऐकणाऱ्याची स्वतःची आहे.

कानाच्या आत शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, ड्रॉप नाहीत. मशीनच्या आवाजात काम, विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंतीसमोर पाच तास, आणि एरवी इअरफोन, हा सगळा हिशोब एकाच कानाच्या खात्यात जमा होतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा आहे. मिरवणुकीत ती पाळली जात नाही हे आपण सगळे जाणतो. निदान पुढचे दोन-तीन दिवस कानात काही घालू नका.

इथं एक गैरसमजही दूर करतो. २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक ह्यांनी स्वतःला बहिरेपणा आल्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘हेडफोनमुळे झालं’ असे मेसेज फिरले. त्यांनी स्वतः कारण विषाणूचा संसर्ग असं सांगितलं होतं, आणि त्यासोबत मोठ्या आवाजाबद्दल सावध केलं होतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

कुणी घालू नये, आणि स्वच्छता

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, कानात खाज किंवा बुरशी असेल, तर नळीत बसणारा इअरफोन बंद. आपल्याकडच्या पावसाळ्यात कानातली बुरशी पुष्कळ दिसते, आणि ओल्या कानाला बूच लावणं म्हणजे तिला घर देणं. डायबेटिसच्या पेशंटनी तर कानदुखी अंगावर काढूच नये. त्यांच्यात हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

मळ आपोआप बाहेर येत असतो. सारखा इअरफोन घातला की तो अडतो आणि आत ढकलला जातो. काडी, पिन, गरम तेल काही नको. टोप्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. जाळीवर मळ बसला तरी आवाज दबतो, ती मऊ कोरड्या ब्रशनं साफ करा. आणि इअरफोन दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊ नका. गाडी चालवताना तर दोन्ही कान मोकळेच हवेत.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी?

एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर ‘मळ असेल’ म्हणून वाट बघू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. काही प्रकारांत औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. मोठ्या आवाजानंतर कानात शिटी वाजत राहिली आणि दोन दिवसांत थांबली नाही, सोबत चक्कर आली, किंवा एक कान दुसऱ्यापेक्षा कमी वाटू लागला, तरीही तपासून घ्या.

आणि तो पीस अदलाबदल करायचा प्रयोग विसरू नका. बिघाड पिसाबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दुकानात जा. कानातच राहिला, तर डॉक्टरकडे या. फुकट आहे आणि मिनिटभरात होतो.

माझं मत

छंद असेल, पैसे असतील, तर चांगला इअरफोन जरूर घ्या. गाणं ऐकणं ही चैन नाही, आमच्या कोल्हापुरात तरी नाही. पण चांगला इअरफोन ओळखायची माझी कसोटी एकच आहे. तो लावल्यावर तुमचा हात आवाज कमी करायला जायला हवा. जो लावल्यावर वाढवावासा वाटतो, तो कितीचाही असो, तुमच्यासाठी नाही. आणि हजारो रुपये घालणार असाल, तर त्यातले थोडे आधी ऑडिओमेट्रीवर घाला. मशीनवर, डीजेवर किंवा ढोल-ताशात असणाऱ्यांनी तर ती वर्षातून एकदा करावीच.

त्या तरुणानं इअरफोन परत केला नाही. आता तो कामावर कानात बोळे घालतो, फोनवरचा आठवड्याचा हिशोब बघतो. मागच्या महिन्यात आईचं बीपी दाखवायला आला होता. मी विचारलं, “काय, गाणी कशी वाजतात?” म्हणाला, “हळू लावतोय, डॉक्टर. डावीकडं अजून तसंच हाय.”

ते तसंच राहणार आहे. उरलेलं ऐकणं टिकवणं एवढंच आता त्याच्या हातात आहे. तुमच्या हातात कदाचित अजून सगळं आहे.

काळजी घ्या. शंका असतील तर पुढच्या वेळी दवाखान्यात जरूर विचारा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कानाची तक्रार असल्यास आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावं.)